जुनी तांब्याची टोकने घेताना पृष्ठभाग कसा पारखावा

ब्रिटनच्या टांकसाळीने 1775 नंतर तांब्याच्या हाफपेन्या पाडणे थांबवले आणि बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला. मजुरांना पगार द्यायला सुटे पैसेच उरले नाहीत, तेव्हा वेल्सजवळच्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन (Parys Mine) कंपनीने 1787 साली आपल्याच खाणीच्या तांब्यातून ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहिताचा चेहरा असलेल्या पेन्या पाडल्या. पुढच्या दहा वर्षांत व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी काढलेल्या अशा हजारो प्रकारांना संग्राहक कॉन्डर टोकने म्हणतात. या लेखात त्यांच्याच पारखीची पद्धत दिली आहे.

आधी प्रकार ओळखावा. काउंटीनुसार, म्हणजे ब्रिटनमधल्या जिल्ह्यांनुसार, मांडलेल्या डाल्टन आणि हेमर यांच्या सूचीतला क्रमांक शोधावा, वजन करावे आणि कडेवरचा मजकूर वाचावा. एकाच छापाची टोकने केवळ कडेवरच्या अक्षरांमुळे वेगळी ठरतात. एवढे अर्ध्या तासात होते.

आता मुख्य कामाकडे वळू. बहुतेक नवशिक्यांना कोणीतरी सांगितलेले असते की छाप ठसठशीत असला म्हणजे नग उत्तम. हा सल्ला तांब्यापुरता सपशेल चुकीचा आहे. चांदी काळवंडली तरी बहुधा तग धरते, पण तांबे हवेला, घामाला आणि ओलाव्याला सतत प्रतिसाद देत राहते. म्हणून ड्रुइडच्या दाढीचे केस मोजता येतील असा, पण खड्ड्यांनी खाल्लेला नग घेण्यापेक्षा दाढी थोडी झिजलेला, पण सलग गुळगुळीत तपकिरी पृष्ठभाग असलेला नग मी केव्हाही घेईन. झीज आणि पृष्ठभाग यांची प्रत नोंदवहीत नेहमी वेगवेगळी लिहावी, कारण दोन्हींची सरासरी काढून एकच शेरा मारला की नगाबद्दल काहीच कळत नाही.

सर्वांत अवघड भाग म्हणजे अस्सल रंग आणि घासून किंवा रसायनाने आणलेला रंग यांतला फरक ओळखणे. माझी नजर यावर बसायला सर्वांत जास्त काळ लागला, कारण छायाचित्रांत दोन्ही सारखेच दिसतात. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एकाच दिव्याखाली, दहापट भिंग हाताशी ठेवून, टोकन कडेने धरावे आणि हळूहळू कलते करत फिरवावे. न घासलेल्या, कमी झिजलेल्या टोकनावर प्रकाशाचे पट्टे मध्यापासून कडेकडे पसरतात आणि टोकन फिरवताच तेही फिरतात, कारण ठसा बसताना धातू ज्या दिशेने सरकला त्याच्या सूक्ष्म रेषा तिथे शाबूत असतात. घासलेल्या पृष्ठभागावर प्रकाश जागच्या जागी चमकतो, किंवा मुळीच उठत नाही.

त्यानंतर लाली पाहावी. टांकसाळीतून बाहेर पडलेल्या तांब्याची लाली हाताळणीने उंचवट्यांवरून आधी जाते आणि अक्षरांच्या पायथ्याशी किंवा ड्रुइडच्या चेहऱ्याभोवतीच्या ओकच्या पानांच्या वेढ्यात सर्वांत शेवटपर्यंत टिकते. ड्रुइडचा गाल आणि भुवई पानांमधल्या खोबणीइतकीच लाल दिसत असतील, तर ते टोकन आम्लात बुडवलेले आहे असे समजावे. झिजलेल्या टोकनावर संपूर्ण लाली असूच शकत नाही. विक्रेता कितीही शपथा घेवो, या नियमाला मी अपवाद मानत नाही. शिवाय मूळ लाली नारिंगी-सोनेरी छटेची असते, तर आम्लाने उघडे पडलेले तांबे फिकट गुलाबी दिसते.

पुन्हा काळवंडवलेले नग त्याहून फसवे असतात. गंधकाच्या संयुगाने आणलेला तपकिरी रंग उंच-सखल सगळीकडे एकसारखा आणि निस्तेज दिसतो; अस्सल जुन्या रंगात झिजलेला भाग आणि सपाट भाग यांच्या छटेत थोडा तरी फरक असतोच. भिंगाखाली बारीक समांतर ओरखडे दिसले आणि त्यांच्या आतही तोच रंग भरलेला असला, तर आधी कापडाने घासून नंतर रंगवले आहे असा दाट संशय धरावा. वापरातले ओरखडे सहसा वेगवेगळ्या दिशांना जातात.

खड्ड्यांतही भेद आहे. छाप मारण्याआधीच्या कोऱ्या चकतीतला दोष बहुधा छाप उथळ बसलेल्या जागी दिसतो. गंजाचा खड्डा मात्र अक्षर असो वा चेहरा, वाटेत येईल ते खात जातो. त्याची कड ओबडधोबड आणि तळ काळा असतो. पहिल्याला मी माफ करतो, दुसऱ्याला नाही.

हिरव्या डागांपैकी टणक, घट्ट चिकटलेला थर बहुधा स्थिर असतो. लाकडी काडीने हलकेच टोकल्यावर फिकट हिरवी पूड पडत असेल तर धोका आहे: तांब्यातले क्लोराइड ओलावा आणि ऑक्सिजन मिळताच धातू खात राहते आणि पूड झाडली तरी काही दिवसांनी परत येते. असा नग दुर्मीळ असला तरी इतरांपासून लगेच वेगळा ठेवावा. मऊ, चिकट हिरवा थर मात्र बहुतेक वेळा पीव्हीसी या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून आलेला असतो. तो शुद्ध ॲसिटोनने निघतो. नखांचा रंग काढायचे द्रव त्यासाठी चालत नाही. काचेच्या भांड्यात, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून दूर टोकन बुडवावे, चोळू नये, आणि शेवटी ताज्या ॲसिटोनने धुवावे.

व्हिनेगर, लिंबू, टूथपेस्ट, धातूची पॉलिश यांचे नावही काढू नये. ऑलिव्ह तेलात महिनाभर बुडवण्याचा सल्ला मोठ्या अधिकाराने दिला जातो, पण तेलातही आम्ल असते आणि रंग गडद होऊन बसतो.

साठवणूक सोपी आहे: पीव्हीसी नसलेले पाकीट, कोरडा डबा आणि त्यात सिलिका जेलची पुडी. पुडी ओलावा शोषून भरली की बदलावी, आणि दर काही महिन्यांनी प्रत्येक टोकन पुन्हा एकाच दिव्याखाली फिरवून पाहावे.