टॉर्च अन फवारणी पंपातला लिथियम सेल फुटू नये म्हणून या चुका टाळा

जागलीवर जाणाऱ्या जवळपास सगळ्याइच्या हातात आता चार्जिंगचा टॉर्च आहे, अन फवारणी पंपही हळूहळू लिथियमवर येऊन राह्यले. दोन्हीच्या आत बहुतेक वेळा एकाच साइजचा गोल सेल असते, 18650, म्हणजे 18 मिलीमीटर जाड अन 65 मिलीमीटर लांब. अमेरिकेत हाच सेल ई-सिगारेटमध्ये घातला अन लोकांच्या तोंडाजवळ, खिशात फुटला. तिथल्या फायर ॲडमिनिस्ट्रेशनच्या 2017 च्या रिपोर्टमध्ये 2009 ते 2016 मधल्या अशा 195 घटना आहेत, 133 जण जखमी. आपल्या देशात ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे, पण सेल तर घरोघरी आहे ना, म्हणून तिथं काय चुकलं ते पाहाच लागते.

सेलच्या प्लस टोपीखाली बारीक छिद्रं असतात. आत प्रेशर वाढलं की टोपीखालची पातळ चकती फाटते अन गॅस तिथून निघून जातो, सेल धडामकन फुटू नये म्हणून हे मुद्दामच केलेलं असते. पण ई-सिगारेट म्हणजे अरुंद बंद नळी, गॅसला वाट नाही, मग नळीचं कमजोर टोक उडते अन सेल रॉकेटसारखा बाहेर येतो. म्हणूनच चांगल्या डिझाइनमध्ये बॉडीला गॅस जायला छिद्र ठेवतात, तेही माणसाच्या तोंडाकडे नाही.

आता आपला टॉर्च पाहा, तोही नळीच आहे. पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून पोट्टे झाकणाच्या फटी एम-सीलनं बुजवतात, बॅटरी बॉक्सची छिद्रं चिकटपट्टीनं बंद करतात. ही सगळ्यात मोठी चूक. अस्सल झाकण अन रबर रिंग असेल तेवढंच ठेवा, वरून काहीच भरू नका.

दुसरी गोष्ट फाटलेल्या प्लास्टिकची. सेल उजेडात उभा धरून पाहा: मधात प्लसची टोपी, तिच्याभोवती पातळ पांढरी चकती, अन लगेच बाजूला डब्याची कड. ती कड, किंबहुना पूर्ण डबाच मायनस असतो, त्याच्यावर फक्त रंगीत प्लास्टिक चढवलेलं. टोपीजवळ ते प्लास्टिक सोललं तर दोन-तीन मिलीमीटरवर शॉर्ट बसलेला असते. असा सेल वापरू नका. अन सुटा सेल खिशात चाव्या-चिल्लरसोबत तर बिलकुल नाही, त्या 195 पैकी 61 घटना खिशातल्याच होत्या.

बाजारात 9900 एमएएच (सेलात किती चार्ज मावते त्याचं माप) लिहिलेले स्वस्त सेल भेटतात. या साइजमध्ये चांगल्या कंपनीचा सेलही साडेतीन हजारांच्या आसपासच जाते, म्हणजे लेबलच खोटं आहे, मग आतली सेफ्टी कोण पाह्यली? जुना-नवा सेल एकत्र लावणं, सेलवर थेट सोल्डर मारणं, हेही टाळा भाऊ.

चार्जरचा घोळ पंपात जास्त होते. जुन्या पंपात 12 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, तिचा चार्जर 14.4 च्या आसपास जाते. नव्या पंपात तीन लिथियम सेल ओळीनं असले तर फुल चार्ज फक्त 12.6 व्होल्ट, प्रत्येकी 4.2. पिन बसली म्हणून जुनाच चार्जर लावला अन आतल्या बीएमएसनं, म्हणजे जास्त चार्ज होऊ न देणाऱ्या सर्किटनं, साथ सोडली, की एका सेलवर 4.8 व्होल्ट येतात, अन हा पंप तर आपण पाठीवर घेतो! चार्जरवर मार्करनं पंपाचं नाव लिहून ठेवा, घरात दोन पंप असतील तर लिहाच.

अन आपलं ऊन. बहुतेक लिथियम सेल 45 डिग्रीच्या वर चार्ज करू नका असं कंपनीच सांगते, आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच तेवढं असते, टिनाच्या शेडात तर इचारूच नका. सकाळी थंडाव्यात चार्ज करा, कोणी जागं असताना, कापसाच्या गंजीपासून अन तणसापासून लांब.

सेल फुगला, हातानं धरवत नाही एवढा तापला, गोडसर केमिकलसारखा वास आला किंवा फुसफुस आवाज आला, तर पंप लगेच पाठीवरून उतरवा, टॉर्च मोकळ्या जागेत ठेवून दूर व्हा, झाकण उघडायच्या भानगडीत पडू नका. धुरात विषारी गॅस असते. चार्जिंगला असेल तर आधी मेन स्विच बंद, नंतरच लांबून भरपूर पाणी, कारण आग विझली तरी सेल गार व्हाच लागते, नाही तर पुन्हा पेटते. भाजलं तर 20 मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट नाही, शाई नाही, अन डोळ्यात काही गेलं असेल तर धुत-धुतच दवाखान्यात न्या.