स्कीइंगचा हंगाम सरल्यावर मनालीत पहिल्यांदा साहसी खेळ करताना

मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात स्कीइंग चालते. बर्फ ओसरले की त्याच उतारांवर पॅराग्लायडिंगच्या छत्र्या पसरलेल्या दिसतात, चाळीसेक किलोमीटर खाली कुल्लूजवळ बियास नदीत राफ्ट उतरतात आणि मनालीच्या आसपासच्या कातळांवर प्रस्तरारोहणाचे दोर लागतात. यांतले काय करावे, हे नवखा माणूस आवडीनुसार ठरवू शकतो. मात्र कधी आणि कोणत्या क्रमाने करावे, हे त्याने वारा, पाणी आणि उंची यांवर सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिमाचल प्रदेशात पावसाळ्यामुळे १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पॅराग्लायडिंग आणि राफ्टिंगवर बंदी असते. या दिवसांत कोणी ‘करून देतो’ म्हणाले, तर ते बेकायदा आहे एवढे समजून नकार द्यावा. आपल्याकडची बहुतेक कुटुंबे मे महिन्याच्या सुट्टीत जातात. तेव्हा हवामान अनुकूल असते, पण सोलंगच्या रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात आणि बर्फ वितळत असल्यामुळे नदीचे पाणी चढत असते. नवख्यासाठी ऑक्टोबर, म्हणजे दसऱ्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा काळ, अधिक चांगला. पावसानंतर आकाश स्वच्छ असते, नदी उतरलेली असते आणि प्रशिक्षकांकडे शिकवायला वेळ असतो. कुल्लूचा दसरा विजयादशमीला सुरू होऊन आठवडाभर चालतो, त्यामुळे त्या दिवसांत कुल्लूत मुक्काम करायचा असल्यास खोली बरीच आधी घ्यावी.

मनाली समुद्रसपाटीपासून सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे. मुंबई किंवा कोकणातून निघालेला माणूस दिल्लीहून रात्रभर बसने प्रवास करून तिथे पोहोचतो, तेव्हा त्याची झोप अपुरी असते आणि शरीरातले पाणीही कमी झालेले असते. म्हणून पहिला दिवस कोणत्याही खेळासाठी ठेवू नये. वशिष्ठ गावातून जोगिनी धबधब्यापर्यंत रमतगमत चालून यावे, भरपूर पाणी प्यावे आणि लवकर झोपावे. ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड पहिल्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळावा. डोके दुखू लागले, मळमळ होऊ लागली, तर दुसऱ्या दिवशीचा बेतही पुढे ढकलावा.

पहिला खेळ प्रस्तरारोहणाचा असावा. यात दोर वरच्या आधारातून आलेला असतो आणि खाली प्रशिक्षक त्याचा ताण सांभाळतो. हात सुटला तरी माणूस फार तर हातभर खाली येऊन लोंबकळतो. त्यानंतर रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने कातळावरून खाली उतरणे, करावे. या खेळापासून सुरुवात करण्याचे खरे कारण म्हणजे हार्नेसची ओळख. कमरेचा पट्टा नितंबाच्या हाडाच्या वर घट्ट बसला पाहिजे, मांड्यांचे पट्टे पीळ न पडता लागले पाहिजेत आणि कॅराबिनरचे, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे, कुलूप फिरवून बंद झाले आहे, हे स्वतः दाबून पाहिले पाहिजे. ही तपासणी जमिनीवर शांतपणे शिकलेला माणूस पुढे छत्रीखाली उभा राहतो, तेव्हा त्याला काय पाहायचे ते ठाऊक असते.

नंतर नदी. कुल्लूजवळच्या पिरडीपासून झिरीपर्यंतचा साधारण चौदा किलोमीटरचा टप्पा नवख्यांसाठी प्रचलित आहे. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेले लोक इथे निर्धास्त असतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे की बियासचे पाणी बर्फाचे आहे आणि त्यात पडताच पहिल्या काही क्षणांत श्वास अडकल्यासारखा होतो. तेव्हा घाबरून हातपाय न मारता लाईफ जॅकेटच्या आधाराने श्वास ताब्यात येऊ द्यावा. मग उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेने आणि पावले पाण्याच्या वर ठेवावीत. वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा प्रयत्न कधीही करू नये, कारण पाऊल दगडांच्या फटीत अडकले की प्रवाह माणसाला तोंडघशी पाडून दाबून ठेवतो. बचावासाठी फेकलेला दोर छातीशी धरावा, मनगटाला गुंडाळू नये.

निघण्यापूर्वी लाईफ जॅकेट खांद्यांपाशी धरून सोबत्याला वर ओढायला सांगावे. ते कानांपर्यंत सरकत असेल तर पट्टे आवळून घ्यावेत. वल्ह्याच्या टोकाची आडवी मूठ एका हाताने सतत झाकलेली असावी, कारण सुटलेली मूठ शेजाऱ्याच्या दातांवर बसते. गाईडने किनाऱ्यावरच सगळ्या आज्ञांचा सराव करून घेतला नाही, तर तो मागून घ्यावा.

राफ्टखेरीज बियासच्या पात्रात फोटोसाठीही उतरू नये. ८ जून २०१४ रोजी थलौट येथे लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ते कोणताही खेळ खेळत नव्हते, केवळ दगडांवर उभे होते.

पॅराग्लायडिंग शेवटी ठेवावे आणि सकाळीच करावे. दिवस तापू लागला की दरीतला वारा जोर धरतो आणि दुपारी हवेचे धक्के बसतात. सोलंगला कमी उंचीवरून छोटे उड्डाण होते, तर कुल्लूकडच्या डोभी येथे ते अधिक वेळ चालते. पहिल्या वेळी छोटे उड्डाण पुरेसे आहे. पायलटचा परवाना आणि पर्यटन विभागाकडची नोंदणी पाहायला मागण्यात संकोच बाळगू नये. राखीव पॅराशूट आहे का, हेही विचारावे. पायलटने वजन विचारल्यास खरे सांगावे, कारण छत्रीची निवड त्यावर अवलंबून असते. उड्डाणापूर्वी दोन्ही मांड्यांचे पट्टे आणि छातीचा पट्टा लागला आहे, हे स्वतः हात लावून पाहावे आणि पायलटकडूनही तोंडाने वदवून घ्यावे. हे पट्टे न लागल्यामुळे या खेळात जीव गेले आहेत, म्हणून या तपासणीत कोणी घाई केली तर थांबायला सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

‘पळा’ म्हटल्यावर उताराच्या दिशेने खरोखर पळायचे असते. पाय जमिनीवरून सुटण्याआधी खाली बसल्यास पायलटचा तोल जातो. उतरताना काय करायचे, पाय उचलायचे की धावायचे, हे आधीच ठरवून घ्यावे.

वारा पाहून पायलट ‘आज नाही’ म्हणाला, तर त्याचे आभार मानावेत आणि दुसऱ्या पायलटच्या शोधात फिरू नये. यासाठी सहलीत एक दिवस मोकळा ठेवावा आणि हॉटेलच्या काउंटरवर आगाऊ पैसे भरण्याऐवजी शक्यतो प्रत्यक्ष जागेवर, हवा पाहून, पैसे द्यावेत. हृदयविकार, अपस्मार, पाठीच्या मणक्याचे दुखणे किंवा गर्भारपण असल्यास राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग दोन्ही टाळावे. साहसी खेळांतील अपघात अनेक विमा पॉलिसींत वगळलेले असतात, तेव्हा ते कलम घरूनच वाचून निघावे. सोलंगच्या मैदानातील चारचाकी बाईकसाठी हेल्मेटखेरीज फारशी तयारी लागत नाही. उतारावरून गडगडत जाणारा झॉर्बिंगचा फुगा मात्र मी नवख्याला सुचवणार नाही, कारण त्यात बसलेल्याच्या हाती काहीच नियंत्रण नसते.

ज्यांना पुढे शिकावेसे वाटेल, त्यांच्यासाठी मनालीतच अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे, जिथे गिर्यारोहणाबरोबर जलक्रीडा आणि स्कीइंगचेही अभ्यासक्रम चालतात. त्यासाठी डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र लागते आणि नावनोंदणी कित्येक महिने आधी करणे इष्ट ठरते. पॅराग्लायडिंग स्वतः शिकायचे असेल, तर पुण्याजवळच्या कामशेतला पावसाळा संपल्यावर वर्ग सुरू होतात.