चर्चच्या इमारतीची दुरुस्ती: नियोजन करताना आणि निधी उभारताना या चुका टाळा

धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समुदायाच्या, चर्चची दुरुस्ती रखडली की दोष बहुधा पैशांच्या टंचाईला दिला जातो. पैसे कमी पडतात हे खरेच, पण त्याच्या आधीच बरेच काही चुकलेले असते. इमारतीला नेमके काय झाले आहे हे कोणी लेखी मांडलेले नसते, धर्मप्रांताची (बिशपच्या अधिकारक्षेत्राची) परवानगी मिळेलच असे धरून चाललेले असते आणि भाविकांपुढे ठेवलेला खर्चाचा आकडा एखाद्या बैठकीत अंदाजाने बोलला गेलेला असतो. आधी निदान, मग मंजुरी, मग निधी आणि त्यानंतर काम, हा क्रम मोडल्यामुळे उद्भवणाऱ्या चुका आणि त्यांवरचे उपाय येथे दिले आहेत.

डाग दिसला की रंगारी बोलावणे

भिंतीवर ओल दिसली की पोपडे खरवडून, पुट्टी भरून वर रंग द्यायचा, हा सर्वांत सोपा आणि अखेरीस सर्वांत महाग पडणारा मार्ग आहे. पाणी कुठून येते हे शोधल्याशिवाय केलेली रंगरंगोटी पुढच्या पावसात पुन्हा फुगून येते. चर्चच्या भिंती उंच आणि छताच्या पन्हळी लांब असतात. वर एका कोपऱ्यात पालापाचोळा अडकून पन्हळ तुंबली की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरते, भिंतीत बसवलेल्या तुळईच्या टोकापर्यंत पोहोचते आणि डाग मात्र बराच खाली, भलत्याच जागी उमटतो. तुळईचे ते टोक आतून कुजत असताना खालून कोणालाही काही कळत नाही.

म्हणूनच केवळ कोरड्या दिवशी पाहणी करून भागत नाही. भर पावसात छत्री घेऊन इमारतीला एक फेरी मारावी. पन्हळीच्या कोणत्या सांध्यातून धार लागली आहे, पाणी उतरवणाऱ्या उभ्या नळामागे भिंतीवर शेवाळाचा हिरवा पट्टा कुठे आहे, जोत्यापाशी पाणी साचून राहते की वाहून जाते, हे त्या एका फेरीत जेवढे स्पष्ट दिसते तेवढे कोरड्या दिवसांत महिनाभर फिरूनही दिसत नाही. ओल भिंतीच्या तळाशी असेल, तिच्यावर लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागला असेल आणि साधारण कमरेच्या उंचीवर ती थांबत असेल, तर पाणी बहुधा जमिनीतून चढते आहे. अशा वेळी बाहेरची जमीन भराव टाकून किंवा फरशी घालून जोत्याच्या वर आलेली नाही ना, हे पाहावे. ओल वरून खाली उतरत असेल तर छत, पन्हळ आणि भिंतीचा माथा तपासावा. मधेच एखादा डाग असेल तर खिडकीची चौकट किंवा भिंतीतला नळ संशयास्पद ठरतो.

जुन्या चर्चच्या बाबतीत यापेक्षाही गंभीर चूक सिमेंटची होते. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे आहे आणि त्याचा सर्रास वापर त्यानंतर बराच काळाने सुरू झाला. त्यामुळे त्याआधीच्या दगडी किंवा विटांच्या चर्चमध्ये दर्जा (दगड-विटांमधले सांधे) आणि गिलावा प्रामुख्याने चुन्याचा, काही ठिकाणी मातीचा असतो. चुन्यातून भिंतीतली ओल हळूहळू बाहेर पडते. त्याच भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरल्या किंवा तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओल आत कोंडते आणि वाट शोधत दगडातून किंवा विटेतून बाहेर येऊ लागते. मग दर्जा शाबूत राहतात आणि दगडच झडायला लागतो. हवा न खेळू देणाऱ्या प्लास्टिक रंगाचेही तेच आहे. ‘मजबूत काम करून देतो’ असे म्हणणाऱ्या कंत्राटदाराला ही भिंत कशात बांधलेली आहे, एवढा एकच प्रश्न विचारला तरी त्याच्या अनुभवाचा अंदाज येतो.

भेगांच्या बाबतीत घाई आणि दिरंगाई या दोन्ही टोकांच्या चुका होतात. अनेक भेगा ऋतुमानाप्रमाणे उघडतात आणि मिटतात. त्यांवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवून, शेजारी तारीख लिहून वर्षभर नजर ठेवली तर भेग वाढते आहे की नाही याचा पुरावा मिळतो. मात्र कमानीचा माथा खचलेला दिसत असेल, भिंत पोट काढत असेल किंवा मनोऱ्याचे दगड सुटत असतील, तर वर्षभर थांबायचे नसते. तो भाग त्याच दिवशी बंद करून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे.

या सगळ्या पाहणीतून लेखी अहवाल तयार झाला पाहिजे आणि तो जुन्या इमारतींचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाने किंवा इंजिनिअरने केलेला असावा. ही केवळ सोय नव्हे. लॅटिन परंपरेतील कॅथलिक चर्चला लागू असलेल्या १९८३ च्या कॅनन लॉमधील (चर्चच्या स्वतःच्या कायद्यातील) कलम १२१६ नुसार चर्चच्या उभारणीत आणि दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला घेणे, तसेच उपासनेची व पवित्र कलेची तत्त्वे पाळणे अपेक्षित आहे. अहवालात प्रत्येक दोषाचे छायाचित्र, कारण आणि निकड नोंदवून घ्यावी: ताबडतोब करायचे, वर्षभरात करायचे आणि पाच वर्षांत करायचे. पुढे निधीच्या आवाहनासाठी आणि परवानगीच्या अर्जासाठी याच कागदाचा आधार लागतो.

जे दिसते ते आधी करणे

नवी फरशी, नवे दिवे, वेदीमागची सजावट यांना देणगीदार चटकन मिळतात. पन्हळीला आणि छताखालच्या वाशांना मिळत नाहीत. तरीही क्रम पाण्याच्या वाटेनेच ठरवावा लागतो: छत, पन्हळी व उभे नळ, जमिनीवरचा निचरा, भिंती आणि सर्वांत शेवटी आतले काम. गळक्या छताखाली नवा रंग देणे म्हणजे भाविकांचे पैसे जाणूनबुजून भिजवणे आहे. एखाद्या देणगीदाराला आपले नाव एखाद्या ठळक वस्तूशी जोडले जावे असे वाटत असेल, तर त्यांना अहवाल दाखवावा आणि छतच का आधी, हे मोकळेपणाने सांगावे. नीट समजावले तर बहुतेक माणसे ऐकतात.

परवानगी गृहीत धरणे

धर्मग्राम ही कॅनन लॉनुसार स्वतंत्र विधिमान्य व्यक्ती आहे आणि कायदेशीर व्यवहारांत प्रमुख धर्मगुरू तिचे प्रतिनिधित्व करतात (कलम ५३२). यावरून त्यांची सही म्हणजे शेवटची सही, असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. नेहमीच्या कारभाराच्या मर्यादेबाहेर जाणारा व्यवहार करण्यापूर्वी लेखी अधिकार मिळवावा लागतो. तो नसेल तर चर्चच्या कायद्याने तो व्यवहार अवैध ठरतो, असे कलम १२८१ सांगते. ही मर्यादा प्रत्येक धर्मप्रांतात वेगळी असू शकते, कारण धर्मग्रामाच्या नियमावलीत ती दिलेली नसेल तर बिशप आपल्या आर्थिक समितीचे मत घेऊन ती ठरवतात. तेव्हा कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, किंबहुना निविदा मागवण्यापूर्वीच, धर्मप्रांताच्या कार्यालयाकडून मर्यादेचा आकडा आणि अर्जाची पद्धत लेखी घ्यावी. मोठ्या कामाचे लहान लहान तुकडे पाडून ती मर्यादा चुकवण्याचा मोह होतो, पण त्याने विश्वास जातो आणि तो परत मिळवायला वर्षे लागतात.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. प्राचीनता, कलात्मकता किंवा भाविकांची श्रद्धा यांमुळे मौल्यवान ठरलेल्या मूर्ती आणि चित्रे यांची दुरुस्ती लेखी परवानगीशिवाय करता येत नाही आणि परवानगी देण्यापूर्वी तज्ज्ञांचे मत घेतले जाते (कलम ११८९). स्थानिक रंगाऱ्याकडून जुन्या मूर्तीला चकाचक रंग देऊन तिचा मूळ रंग कायमचा घालवल्यावर पश्चात्तापाला काहीच अर्थ उरत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे चर्चची मंजुरी आणि शासनाची मंजुरी या दोन वेगळ्या बाबी आहेत. बांधकाम परवाना आणि इमारत वारसा यादीत असल्यास त्या खात्याची संमती स्वतंत्रपणेच मिळवावी लागते.

निधी उभारताना होणाऱ्या चुका

पहिली चूक म्हणजे कच्चा आकडा जाहीर करणे. उपासनेच्या शेवटी एकदा आकडा सांगितला की तो लोकांच्या मनात पक्का बसतो आणि पुढे खर्च वाढला की शंका सुरू होतात. जुन्या इमारतीत छत उघडल्यावरच आतले कुजलेले लाकूड दिसते. म्हणून अंदाजपत्रकात अनपेक्षित कामांसाठी किमान १० ते १५ टक्के रक्कम धरावी, तसेच परांची, कर, तज्ज्ञांचे शुल्क आणि विमा यांच्या ओळी स्वतंत्र असाव्यात. उंच चर्चमध्ये परांचीचाच खर्च एवढा मोठा असतो की ती एकदा उभी असताना वरची सगळी लहानसहान कामे उरकून घेणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी चूक पैशांची सरमिसळ करण्याची आहे आणि सर्वाधिक मने ती दुखावते. विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरता येते, हे कलम १२६७ मध्ये स्पष्ट आहे. ‘छत दुरुस्ती निधी’ अशी पावती फाडून जमवलेल्या पैशांतून विजेचे बिल भरणे, मग ते महिन्याभरासाठी उसने म्हणून का असेना, योग्य नाही. त्यासाठी स्वतंत्र बँक खाते किंवा निदान स्वतंत्र खतावणी ठेवावी. आवाहन करतानाच ‘छताचे काम पूर्ण होऊन रक्कम उरल्यास ती इमारतीच्या इतर दुरुस्तीसाठी वापरली जाईल’ असे एक वाक्य छापावे. ते नसेल तर उरलेल्या रकमेचे काय करायचे, हा प्रश्न नंतर नाहक किचकट होतो.

तिसरी चूक वचनांना रोख समजण्याची. कुटुंबांनी हप्त्यांनी देऊ केलेल्या रकमा पूर्ण येतीलच असे नाही. आजारपण येते, नोकरी जाते, लोक दुसरीकडे राहायला जातात. बँकेत आलेली रक्कम, लेखी वचने आणि नुसती तोंडी आश्वासने असे तीन रकाने करून कंत्राट पहिल्या रकान्याच्या बळावर द्यावे. रक्कम अपुरी असेल तर काम टप्प्यांत पाडावे, मात्र प्रत्येक टप्प्याअखेरीस इमारत पाण्यापासून सुरक्षित राहील अशा ठिकाणीच थांबावे. अनुदान मिळण्याची शक्यता असेल तर अटी आधी वाचाव्यात, कारण मंजुरीपूर्वी सुरू झालेल्या कामाला अनेक अनुदान योजना पैसे देत नाहीत. कर्ज घ्यायचे झाल्यास त्यालाही वरचीच परवानगी लागू शकते, आणि व्याज वेळेवर भरणे व मुद्दल फेडणे हे कारभाऱ्यांचे कर्तव्य म्हणून कलम १२८४ मध्ये नोंदलेले आहे.

हिशेबाबद्दल संकोच करू नये. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असणे बंधनकारक आहे (कलम ५३७) आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. दर महिन्याला फलकावर जमा, खर्च, शिल्लक आणि त्या महिन्यात झालेल्या कामाची दोन छायाचित्रे लावावीत. गरीब कुटुंबांवर दबाव येईल अशा रीतीने देणगीदारांच्या रकमांची जाहीर यादी लावणे मला अयोग्य वाटते. एकूण रक्कम पुरेशी आहे.

कंत्राट आणि प्रत्यक्ष काम

तीन कंत्राटदारांकडून दर मागवले, पण प्रत्येकाने वेगवेगळे काम गृहीत धरले, तर त्या तुलनेला अर्थ नाही. सर्वांना एकच मोजमापांची यादी द्यावी. ओळखीच्या किंवा धर्मग्रामातल्याच माणसाला काम द्यायला हरकत नाही, मात्र त्याचा निर्णयात सहभाग नसावा आणि करार लेखीच असावा. पैसे झालेल्या कामाच्या मोजणीनुसार द्यावेत आणि ठरावीक टक्के रक्कम दोषदुरुस्तीच्या मुदतीपर्यंत रोखून ठेवावी. मजुरांचे रास्त वेतन आणि सुरक्षितता पाहणे हीदेखील चर्चचीच जबाबदारी आहे. कलम १२८६ मध्ये कारभाऱ्यांना तसे सांगितलेले आहे.

आगीचा धोका दुरुस्तीच्या काळातच वाढतो. पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली तेव्हा तेथे शिखराच्या जीर्णोद्धाराचे काम सुरू होते. ते शिखर आणि लाकडी छत गेले आणि कॅथेड्रल पुन्हा उघडायला डिसेंबर २०२४ उजाडले. छतावर वेल्डिंग किंवा ज्योतीचा वापर शक्यतो टाळावा. टाळता येत नसेल तर लेखी परवानगीपत्र, हाताशी अग्निशामक आणि काम संपल्यावर काही तास राखण, हे करारातच लिहावे. विमा कंपनीला काम सुरू होण्यापूर्वी लेखी कळवावे, नाहीतर दावा अडचणीत येऊ शकतो.

वेळापत्रक ठरवताना पवित्र आठवडा (ईस्टरच्या आधीचा आठवडा) कंत्राटदाराला आधीच सांगावा. ईस्टर दरवर्षी २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान वेगवेगळ्या तारखेला येतो, हे त्याला माहीत असेलच असे नाही. पवित्र साक्रामेंत (पवित्र केलेली भाकर) कुठे ठेवायचे, उपासना कुठे करायची आणि ठरलेल्या लग्नांचे काय, हे परांची उभी राहण्यापूर्वी ठरलेले हवे. हलवण्याच्या प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढून यादी करावी.

काम अर्ध्यावर अडकले असेल तर

अशा वेळी पुन्हा घाईने आवाहन करू नये. आधी उघडे पडलेले छत ताडपत्रीने किंवा तात्पुरत्या पत्र्यांनी झाकून घ्यावे. मग झालेल्या कामाची मोजणी त्रयस्थ इंजिनिअरकडून करून दिलेले पैसे आणि झालेले काम यांची तुलना करावी, कारण कंत्राटदाराशी होणारा वाद बहुतेकदा याच दोन आकड्यांभोवती फिरत असतो. परवानगी राहून गेली असेल तर ती लपवून काम पुढे रेटण्याऐवजी धर्मप्रांताच्या कार्यालयाला सर्व कागदांसह कळवावे. त्यानंतर सुधारित अंदाजपत्रक भाविकांसमोर मांडावे आणि वाढ कशामुळे झाली हे ओळीनिशी दाखवावे.

प्रमुख धर्मगुरूंची बदली होते आणि समितीचे सदस्यही बदलतात. त्यामुळे अहवाल, नकाशे, करार, परवानग्या, वापरलेल्या चुन्याचे व लाकडाचे तपशील आणि छायाचित्रे यांची एक फाइल धर्मग्रामाच्या कार्यालयात आणि तिची प्रत धर्मप्रांताकडे ठेवावी. काम पूर्ण झाल्यावर वर्षातून दोनदा पन्हळी साफ करणे आणि एकदा छताची पाहणी करणे, यांचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकात कायमची ओळ म्हणून घालावा आणि ही जबाबदारी कोणाची, हे समितीच्या इतिवृत्तात नावानिशी नोंदवावे.