ग्रीन कार्डवरच्या आई-बाबांसाठी मेडिगॅप: कंपनी निवडायच्या आधीचं गणित

अमेरिकेतलं एडिसन असो, फ्रीमाँट असो की डॅलसजवळचं फ्रिस्को, आई-बाबा मेडिकेअरच्या, म्हणजे ६५ वर्षांवरच्यांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, जवळ आले की मित्रमंडळींत पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठली कंपनी चांगली?" खरं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. मेडिकेअरला जोड म्हणून घ्यायच्या पॉलिसीला, म्हणजे मेडिगॅपला, इथे अक्षरं दिलेली आहेत आणि एका अक्षराचे मूळ फायदे सगळ्या कंपन्यांत सारखे असावे लागतात. या कंपनीचा प्लॅन जी घ्या नाहीतर त्या कंपनीचा, हॉस्पिटलच्या बिलाचं होणार तेच. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांची रचना तेवढी वेगळी आहे. त्यामुळे आधी आई-बाबा पात्र कधी होतात ते पाहा, मग पार्ट ए हा मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग फुकट मिळणार की विकत घ्यावा लागणार ते, आणि मग वर्षातले किती महिने ते भारतात असतात ते. खालचे आकडे २०२६ सालचे आहेत. दर जानेवारीत ते बदलतात.

पात्रता आणि पार्ट ए

वय ६५ पूर्ण आणि ग्रीन कार्डवर अमेरिकेत सलग पाच वर्षं वास्तव्य, अशी अट आहे. व्हिजिटर व्हिसावरचे महिने यात धरत नाहीत. मधल्या भारतवाऱ्या चालतात, पण एखादी वारी सहा महिन्यांपलीकडे गेली की 'सलग' या शब्दावर प्रश्न उभा राहू शकतो. म्हणून जाण्या-येण्याच्या तारखांची यादी पासपोर्टवरच्या शिक्क्यांसकट तयार ठेवा. सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात ती मागतात.

पार्ट ए फुकट मिळायला इथे काम करून ४० क्रेडिट, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी लागते. मुलाच्या नोकरीची क्रेडिट आई-बाबांना मिळत नाहीत. भारतातली सरकारी नोकरी, पीएफ, पेन्शन यांचाही उपयोग नाही, कारण भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा करार झालेला नाही. नवरा-बायकोपैकी एकाची ४० क्रेडिट झाली असतील आणि त्याचं वय निदान ६२ असेल, तर ६५ पूर्ण केलेल्या दुसऱ्यालाही पार्ट ए फुकट मिळतो. वडील इथे येऊन दुकानात किंवा शाळेच्या कॅफेटेरियात अर्धवेळ काम करत असतील, तर वर्षाला ७,५६० डॉलर कमाईवर चार क्रेडिट पडतात. ३० क्रेडिट झाली की पार्ट ए चा हप्ता महिना ५६५ डॉलरवरून ३११ वर येतो. आलेल्या पहिल्याच वर्षी याचा विचार केला तर पुढे मोठी बचत होते.

क्रेडिट शून्य असतील तर माणशी पार्ट ए चे ५६५ आणि पार्ट बी चे, म्हणजे डॉक्टर आणि ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांच्या भागाचे, २०२.९० धरून महिना ७६७.९० डॉलर. दोघांचे १,५३५.८०, आणि यात मेडिगॅप आलाच नाही. हा आकडा पाहून बरेच जण फक्त पार्ट बी घेतात. तसं करता येतं, पण मेडिगॅप घ्यायला आणि ॲडव्हान्टेज प्लॅनलाही (म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत घ्यायच्या प्लॅनला) ए आणि बी दोन्ही लागतात. म्हणजे फक्त बी घेतला तर हॉस्पिटलात ॲडमिट झाल्याचा खर्च अंगावर. उत्पन्न खूप कमी असेल तर मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, हे हप्ते भरू शकतं, पण ग्रीन कार्डसाठी आई-बाबांना स्पॉन्सर करणाऱ्या मुलाचं उत्पन्न तिथे मोजलं जाऊ शकतं. मेडिकेड मिळालंच, तर वर मेडिगॅप घेऊ नका. तो विकायलाही बंदी आहे.

पाच वर्षं पुरी होईपर्यंत मार्केटप्लेसची, म्हणजे खासगी कंपन्यांचे विमे मिळणाऱ्या सरकारी बाजारातली, पॉलिसी घेता येते. नव्याने आलेल्यांना त्यासाठी ६० दिवसांची मुदत मिळते. प्रवासी विमा हा त्याला पर्याय नव्हे. मार्केटप्लेसच्या पॉलिसीचा पुढेही एक फायदा आहे, तो खाली येईल.

सहा महिन्यांची खिडकी

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही. वय ६५ किंवा त्याहून जास्त आणि पार्ट बी सुरू, हे दोन्ही जुळलेल्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सहा महिने कुठल्याही मेडिगॅप कंपनीला तुम्हाला नाही म्हणता येत नाही. साखर, बीपी, बायपास, स्टेंट काहीही असो, दर इतरांइतकाच. पार्ट बी १ जूनला सुरू झाला तर ही खिडकी ३० नोव्हेंबरला बंद. बाबा ६८ व्या वर्षी आले आणि ७३ व्या वर्षी पार्ट बी मिळाला, तर त्यांची खिडकी ७३ व्या वर्षी उघडते. "६५ ला घ्यायचं राहिलं, आता मिळणार नाही" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे. पार्ट बी उशिरा घेतल्याचा दंड, म्हणजे दर पूर्ण १२ महिन्यांमागे १० टक्के, हाही पात्र झाल्यानंतरच्या उशिरालाच लागतो. आधीची वर्षं मोजत नाहीत.

खिडकी एकदाच उघडते. ती गेली की बहुतेक राज्यांत कंपनी आरोग्याचे प्रश्न विचारते आणि मधुमेहासोबत हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर सरळ नकार येतो. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये वर्षभर कधीही घेता येतो. कॅलिफोर्नियात आधीच मेडिगॅप असेल तर वाढदिवसापासून ६० दिवसांत तेवढ्याच किंवा कमी फायद्याच्या प्लॅनमध्ये प्रश्नांशिवाय बदलता येतो. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये अशी सवलत धरून चालू नका.

खिडकीत घेतला तरी आधीपासूनच्या आजारावर कंपनी सहा महिन्यांपर्यंत आपल्या वाट्याचे पैसे थांबवू शकते. पण त्याआधी ६३ दिवसांचा खंड न पडता मार्केटप्लेससारखी पॉलिसी चालू असेल, तर तेवढे महिने त्यातून वजा होतात. म्हणून "आता मेडिकेअर येणारच आहे" म्हणून जुनी पॉलिसी दोन-चार महिने आधी बंद करू नका.

मेडिकेअरच्या अर्जाची मुदत सात महिन्यांची: पात्र होण्याचा महिना, त्याआधीचे तीन आणि नंतरचे तीन. ती हुकली तर १ जानेवारी ते ३१ मार्चची वाट पाहावी लागते. पार्ट ए विकत घेणाऱ्यांचा अर्ज ऑनलाइन नीट पुढे सरकत नाही असं धरून चला आणि सोशल सिक्युरिटीच्या १-८००-७७२-१२१३ ला फोन करून अपॉइंटमेंट घ्या.

अक्षर निवडताना

मेडिगॅप नसेल तर नेमकं काय अंगावर येतं? हॉस्पिटलात ॲडमिट झालं की १,७३६ डॉलरचं डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम. हे वर्षाला एकदा नसतं, दर आजारपणाला असतं. घरी येऊन ६० दिवस झाले आणि पुन्हा ॲडमिट व्हावं लागलं तर पुन्हा १,७३६. एकसष्टाव्या दिवसापासून रोजचे ४३४. पण खरी भीती पार्ट बी च्या खर्चातल्या तुमच्या वाट्याच्या २० टक्क्यांची, कारण त्यांना वरची मर्यादाच नाही. मेडिकेअरने मान्य केलेली केमोथेरपी वर्षात एक लाखाची झाली तर वीस हजार तुमचे.

प्लॅन सी आणि एफ २०२० पासून नव्याने पात्र होणाऱ्यांना मिळत नाहीत, म्हणून कुणाच्या जुन्या एफ शी तुलना करू नका. व्यवहारात निवड जी आणि एन मध्येच होते. जी मध्ये पार्ट बी चं वर्षाचं २८३ डॉलरचं डिडक्टिबल तुम्ही भरता, बाकी मेडिकेअरने मान्य केलेल्या खर्चातला तुमचा वाटा कंपनी भरते. एन मध्ये तेच २८३, शिवाय डॉक्टरच्या काही भेटींना २० डॉलरपर्यंत आणि इमर्जन्सीत जाऊन ॲडमिट न होता परत आलं तर ५० डॉलरपर्यंत. दुसरी उणीव अशी की मेडिकेअरचा दर पूर्णपणे न स्वीकारणारा डॉक्टर १५ टक्क्यांपर्यंत जास्त लावू शकतो, ते एन भरत नाही. ओहायो, पेनसिल्वेनिया, कनेक्टिकट इथे असं जास्त लावायला कायद्यानेच बंदी आहे, तिथे एन ची ही उणीव उरतच नाही.

गणित घरच्या कागदावर करा. समजा तुमच्या पिनकोडला जी महिना १८० आणि एन १४० डॉलरला मिळतोय. फरक वर्षाला ४८०, म्हणजे चोवीस भेटींचे पैसे. आईच्या फॅमिली डॉक्टरच्या चार, हृदयरोगतज्ज्ञाच्या तीन, डोळ्यांच्या दोन अशा नऊ-दहा भेटी होत असतील तर एन स्वस्त पडतो. दर महिन्याला दोनदा कुठे ना कुठे जावंच लागत असेल तर जी घ्या आणि डोकं शांत ठेवा. हाय-डिडक्टिबल जी चा हप्ता कमी असतो, पण आधी २,९५० डॉलर तुमच्या खिशातून जातात. जवळ तेवढी रक्कम बाजूला असेल आणि तब्येत ठणठणीत असेल तर तो वाईट नाही.

आता कंपनी. वाढत्या वयाप्रमाणे दर, घेतानाच्या वयाचा दर, आणि सगळ्यांना एकच दर, अशा तीन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत सुरुवातीचा हप्ता कमी दिसतो आणि पंचाहत्तरीनंतर बोचायला लागतो. एजंटला तीनच प्रश्न विचारा: दर कुठल्या पद्धतीचा, गेल्या पाच वर्षांत याच राज्यात याच अक्षराचा हप्ता किती टक्के वाढला, आणि एका घरातल्या दोघांना सूट किती. नव्या नावाची उपकंपनी अगदी स्वस्त दर देत असेल तर जपून. काही वर्षांनी ती नवे ग्राहक घेणं बंद करते, तब्येतीने धड असलेले लोक दुसरीकडे जातात आणि उरलेल्यांचे हप्ते चढत जातात. नवरा-बायकोची पॉलिसी कायम वेगवेगळी असते, अक्षरही वेगळं चालतं. घेतल्यावर ३० दिवसांत परत करता येते.

भारतवारी असेल तर

आपल्या घरांत प्लॅनचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. मूळ मेडिकेअर भारतात काही देत नाही. सी, डी, एफ, जी, एम आणि एन मध्ये परदेशातल्या इमर्जन्सीची सोय आहे: २५० डॉलर आधी तुमचे, नंतर ८० टक्के कंपनीचे, आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. ए, बी, के, एल मध्ये ती नाही. पण मेख अशी की इमर्जन्सी प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत सुरू झालेली असली पाहिजे. दिवाळीआधी गेलेले आई-बाबा होळी करून परतणार असतील तर जानेवारीपासून ते विम्याशिवाय आहेत. उरलेल्या महिन्यांसाठी वेगळा विमा बघा. मोतीबिंदूचं किंवा गुडघ्याचं ठरवून केलेलं ऑपरेशन साठ दिवसांतही बसत नाही.

क्लेम फेटाळले जातात ते बहुतेक कागदांमुळे. पुण्यातल्या हॉस्पिटलकडून 'पॅकेज' असं एकरकमी बिल घेऊ नका. खोलीचं भाडं, औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी असं तारखेवार वेगळं बिल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि इंग्रजीतली डिस्चार्ज समरी घ्या. तिच्यात 'इमर्जन्सी' हा शब्द आणि ॲडमिट झाल्याची वेळ असू द्या. पैसे आधी तुम्हीच भरायचे असतात.

ॲडव्हान्टेज प्लॅनची जाहिरात दात, चष्मा, शून्य हप्ता अशी असते, आणि शून्य हप्ता खराही असतो, फक्त पार्ट बी चा (आणि विकत घेतला असेल तर पार्ट ए चा) भरावाच लागतो. त्याला नेटवर्क असतं, बऱ्याच उपचारांना आधी परवानगी लागते, आणि नेटवर्कमधला वर्षाचा खर्च ९,२५० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. प्लॅनच्या भागाबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलात तर बहुतेक प्लॅन नाव काढून टाकतात. न्यू जर्सीतल्या मुलाकडे चार महिने, टेक्सासच्या मुलीकडे चार आणि नाशकात चार असा फेरा असेल, तर मूळ मेडिकेअर आणि मेडिगॅपच घ्या. मेडिकेअर घेणारा देशातला कुठलाही डॉक्टर त्यावर चालतो. ६५ व्या वर्षी पात्र होताच ॲडव्हान्टेज घेतला आणि पटला नाही, तर पहिल्या १२ महिन्यांत मेडिगॅपकडे प्रश्नांशिवाय परतता येतं. त्यानंतर सहसा नाही.

औषधं आणि बिलं

मेडिगॅपमध्ये औषधं येत नाहीत, पार्ट डी वेगळा घ्यावा लागतो. वर्षाला तुमच्या खिशातून जास्तीत जास्त २,१०० डॉलर, इन्शुलिन महिना ३५ पर्यंत. मेडिकेअरच्या साइटवर औषधं भरताना भारतातली नावं चालत नाहीत. ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, थायरोनॉर्म म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, अशी मूळ नावं आणि मिलिग्रॅम लिहून घ्या. ग्लिक्लाझाइड, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन इथे विकलीच जात नाहीत. डॉक्टरकडून आधी पर्यायी गोळी ठरवून घ्या, मग प्लॅन तुलना करा, नाहीतर पार्ट डी ची निवड भलत्याच यादीवर होते.

सोशल सिक्युरिटीचं पेन्शन नसल्याने आई-बाबांचे हप्ते कुठून आपोआप कापले जात नाहीत, कागदी बिल घरी येतं. ते पुण्यात आणि बिल इथल्या पेटीत, असं झालं की पार्ट बी बंद पडतो. त्यासोबत मेडिगॅप निरुपयोगी होतो आणि ती सहा महिन्यांची खिडकी परत उघडत नाही. पहिलं बिल आल्या आल्या 'मेडिकेअर इझी पे'चा, म्हणजे बँकेतून हप्ता आपोआप कापून घ्यायचा, अर्ज भरा. तो लागू व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवरची बिलं हाताने भरा.

कमिशनशिवाय सल्ला हवा असेल तर प्रत्येक राज्यात 'शिप' नावाची मोफत समुपदेशन सेवा आहे. १-८००-६३३-४२२७ या मेडिकेअरच्या नंबरवर दुभाषाही फुकट मिळतो. फोन करताना आई-बाबांना शेजारी बसवा, कारण त्यांच्या तोंडी परवानगीशिवाय पलीकडची व्यक्ती तुमच्याशी बोलणार नाही.