सोसायटीच्या पार्किंगमध्ये कलेसाठी जागा कशी करायची

आमच्याकडे डोंबिवलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता पार्किंगमधल्या चार गाड्या मागच्या गल्लीत जातात, तिथे सतरंज्या पडतात आणि सात वाजेपर्यंत कोणी चित्र काढतं, कोणी पेटी वाजवतं, कोणी गोधडीचे टाके घालत बसतं. हे सहा वर्षं चाललंय. ओळखीतले बरेच जण विचारतात की आमच्या सोसायटीत पण करायचंय पण सुरुवात कुठून करू, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

पहिली गोष्ट म्हणजे हॉल बांधायची वाट बघू नका. आमच्याकडे "आधी क्लबहाऊस होऊदे मग बघू" यात पाच वर्षं गेली आणि त्या काळात जी मुलं चित्रं काढायची ती कॉलेजला निघून गेली, मला अजून वाईट वाटतं त्याचं. मराठी प्रायोगिक नाटक १९७०च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये वाढलं, आविष्कार या नाट्यसंस्थेने तिथे प्रयोग केले, आणि ती जागा काही थिएटर म्हणून बांधलेली नव्हती, शाळेचा साधा हॉल होता. पाचगणीजवळचं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं तेव्हाही वेगळी मोठी इमारत नाही उभारली, गावकऱ्यांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांसाठी मोकळ्या केल्या. म्हणजे जागा असतेच, फक्त ती कुठल्या वेळी रिकामी असते ते शोधायचं. एक आठवडा वही घेऊन बघा, पार्किंग, गच्ची, जिन्याची लँडिंग, देवळाचा सभामंडप, वाचनालयाची खोली, शाळा सुटल्यावरचा वर्ग, गावात असाल तर समाजमंदिर. आमचं पार्किंग रविवारी संध्याकाळी अर्धं रिकामं असतं कारण लोक बाहेर फिरायला जातात, हे आम्हाला असं बघूनच कळलं.

मग परवानगी. तोंडी परवानगीवर अजिबात सुरू करू नका, सेक्रेटरी बदलला की सगळं बंद पडतं, आमचं पहिल्या वर्षी तसंच झालं होतं. एक पानी अर्ज द्या, त्यात कुठला वार, किती ते किती, आवाज किती होणार, झाडून कोण काढणार आणि तक्रार असेल तर कुठल्या दोन जणांना फोन करायचा एवढं लिहा, आणि कायमची परवानगी मागू नका, फक्त तीन महिन्यांची मागा. तीन महिन्यांना कोणी नाही म्हणत नाही. चांगलं चाललं की एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, विषय घ्या आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या, एजीएम ३० सप्टेंबरच्या आत होते म्हणून जून-जुलैत सुरू केलंत तर बरोबर वेळेत येतं.

लोक कसे जमवायचे यावर मी सगळ्यात जास्त बोलेन कारण खरं काम इथेच आहे. नोटीस बोर्डवर "कलाकारांनी नावे द्यावीत" असं लावलं तर एकही नाव येत नाही, आम्ही लावून बघितलं. आपल्या माणसांना कलाकार म्हटलं की लाज वाटते, "छे हो, आपलं असंच काहीतरी" म्हणतात. त्यापेक्षा दोघा-तिघांनी घरोघरी जा, चहा घ्या आणि विचारा की काकू दुपारी काय करता, काका गावाला शिमग्यात तुम्ही काय करायचात. एसटीतून रिटायर झालेले एक काका कोकणातल्या नमन-खेळ्यात मृदंग वाजवायचे हे त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं! एका आजींना जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या, चाळीसच्या वर, त्या म्हणाल्या आता जातंच नाही तर कुठे म्हणायच्या. आमच्या वॉचमनचा भाऊ नेपाळी मादल वाजवतो. आणि पाचव्या मजल्यावरचा मुलगा जो कोणाशी बोलत नाही तो मोबाईलवर रॅप लिहितो, मराठीत, आणि सुंदर लिहितो. भाडेकरू, घरकामाला येणाऱ्या ताई, वॉचमन यांना वेगळं जाऊन बोलवा, नुसतं "सगळ्यांचं स्वागत आहे" म्हटलं की ते स्वतःला त्यात धरत नाहीत.

पहिल्या दिवशी सहा जण आले तरी पुरे. स्टेज नको, माईक नको, गोल बसा. स्टेज केलं की चार जण करणारे आणि साठ जण बघणारे होतात, मग ते गॅदरिंग झालं, आणि गॅदरिंग तर गणपतीत होतंच.

स्पर्धा ठेवू नका. माझं हे मत पक्कं आहे आणि यावरून आमच्यात भांडणही झालंय, काहींचं म्हणणं होतं की बक्षीस असलं की मुलं येतात. एकदा ठेवली स्पर्धा. मुलं आली, पण त्यांच्या आया चित्र पूर्ण करायला बसल्या आणि ज्यांना नंबर नाही आला त्यातली दोन मुलं पुढचे सहा महिने फिरकली नाहीत. त्याऐवजी जे काढलं ते सगळं लिफ्टसमोर सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि महिनाभर ठेवा. लिफ्टची वाट बघताना लोक बघतात, बोलतात, ते बक्षिसापेक्षा खूप आहे.

सामान फार लागत नाही. दोन सतरंज्या, जुने पेपर, कार्डशीट, पोस्टर कलर, ब्रश, सुतळी, चिमटे आणि एक कुलूपवालं कपाट. आम्ही घरटी महिना ५० रुपये घेतो, जमेल त्यांच्याकडून, कोणी दिले नाहीत तर विचारत नाही. हिशोब मात्र दर महिन्याला बोर्डवर लावा, अगदी ब्रशच्या पावतीसकट.

आवाजाचं आधीच ठरवा. कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद असतो आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५ आहे, पण कायद्यापर्यंत जाऊच नये असं मला वाटतं. आमच्या पार्किंगला लागून तळमजल्यावर एक आजारी आजोबा होते, त्यांच्या घरून तक्रार आली तेव्हा आम्ही पेटी आणि ढोलकी दुसऱ्या विंगखाली नेली आणि त्यांच्याकडे जाऊन सांगून आलो. नंतर त्यांनीच एकदा भजन ऐकायचंय म्हणून खिडकी उघडी ठेवायला सांगितली.

भिंत रंगवायची इच्छा सगळ्यांना होते, तर त्याबद्दल. कमिटीचं पत्र घ्या, मग भिंतीला ओल आहे का बघा, ओल असेल तर कितीही भारी रंग लावा पोपडे येणारच. पाऊस संपल्यावर भिंत नीट वाळू द्या, आमच्याकडे नोव्हेंबर उजाडतो, मग घासून प्राइमर आणि बाहेरच्या भिंतीचा अॅक्रेलिक. आणि हल्ली सगळीकडे वारली काढतात, काढा जरूर, पण ती कोणाची आहे ते मुलांना सांगा. ती आपल्या शेजारच्याच डहाणू-जव्हार-तलासरी भागातल्या वारली लोकांची, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली, लग्नाचा चौक, म्हणजे लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, मुळात बायका काढायच्या. जिव्या सोमा म्हशे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, २०११ला त्यांना पद्मश्री मिळाली. इंटरनेटवरून डिझाईन उतरवण्यापेक्षा तिकडच्या एखाद्या कलाकाराला बोलवा, दोन दिवस मुलांसोबत बसू द्या, आणि मानधन, येण्याजाण्याचा खर्च, जेवण हे आधी बोलून ठरवून त्याच दिवशी हातात द्या. "तुमचं नाव होईल" हे कोणत्याही कलाकाराला ऐकवू नका, शाहीर असो की रांगोळीवाली.

नाटक बसवणार असाल तर लेखकाची परवानगी आधी घ्या, आणि बाहेरच्या लोकांसाठी जाहीर प्रयोग करायचा असेल तर नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. यात वेळ जातो, त्यामुळे सुरुवातीला आपल्या आपल्यात नाट्यवाचन करा, त्यातही खूप मजा येते.

वेळापत्रक लोकांच्या वर्षाप्रमाणे ठेवा. तिकडे गडचिरोली-चंद्रपूरकडे झाडीपट्टीची नाटकं बघा, धान निघालं, हातात दोन पैसे आणि वेळ आला की मगच सीझन सुरू होतो, दिवाळीनंतर, आणि मग माणसं रात्र रात्र जागतात नाटकाला. तसं आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चला परीक्षा म्हणून मुलं येत नाहीत, तेव्हा आम्ही मोठ्यांची गोधडी आणि वाचन ठेवतो. जुलैत पार्किंगमध्ये पाणी येतं तेव्हा जिन्यात बसतो, कमी जण असतात पण बंद ठेवत नाही, कारण एकदा दोन महिने खंड पडला की लोकांना दुसरा रविवार आठवेनासा होतो. तीनच जण आले तरी सतरंजी घालायची.

आणि हे सगळं एकाच माणसावर ठेवू नका, मी पहिली दोन वर्षं तसं केलं आणि माझी आई आजारी पडली तेव्हा चार महिने काहीच झालं नाही. आता पाच जण आहेत, त्यात दोन कॉलेजची मुलं, दर महिन्याला चावी पुढच्याकडे जाते. कपाटात एक डायरी असते, त्या दिवशी कोण आलं, काय केलं, काय संपलं, पुढच्या वेळी काय आणायचं ते चावीवाला लिहून ठेवतो. या महिन्यात चावी रॅपवाल्या मुलाकडे आहे आणि त्याने लिहिलंय, पांढरा रंग संपला, ओव्यांवाल्या आजींना खुर्ची लागते, खाली बसवू नका.