घरातला कोळी मारण्याआधी

पावसाळा सुरू झाला की कोथरूड, बावधन, पाषाण अशा टेकडीलगतच्या भागांत एकच हाक ऐकू येते, "अगं बाई, केवढा मोठा कोळी!" आणि चप्पल उगारली जाते. ती आधी खाली ठेवा.

पहिलं काम ओळखण्याचं. कॅलेंडरमागून निघणारा तळहाताएवढा, तपकिरी, चपटा कोळी जाळं विणत नाही. तो रात्री फिरून झुरळं धरतो. पोटाखाली पांढरी चपटी पुरचुंडी दिसली तर ती मादी आहे आणि पुरचुंडीत तिची अंडी आहेत. अशा वेळी तिला अजिबात छेडू नका. छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या पायांचा, धक्का लागताच थरथरणारा कोळी डास पकडतो. खिडकीच्या चौकटीवर बसून, चक्क वळून तुमच्याकडे रोखून बघणारा बुटका कोळी माशांवर उडी घालतो. या तिघांपैकी कुणीही माणसाच्या जिवावर उठणारा नाही. मोठा कोळी दाबला गेला तर चावतो; थोडं दुखतं, सूज येते, एवढंच.

"कोळी मुतला म्हणून फोड आले" हे आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. माझ्या आजीनेही म्हटलं होतं आणि अंगणातल्या कोळ्यांचा नायनाट करायला लावला होता. पावसाळ्यात येणारे असे चट्टे पुष्कळदा एका बारीक, काळ्या-नारिंगी भुंग्यामुळे उठतात. तो दिव्याकडे येतो आणि अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातल्या द्रवाने कातडी भाजल्यासारखी होते. तो अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका. चिरडलाच तर जागा लगेच साबण-पाण्याने धुवा. कधी कधी हे फोड म्हणजे नागीण हा आजारही असतो, म्हणून फोड पसरत असतील तर डॉक्टरांना दाखवा. कोळ्यावर हा आळ उगाच आला आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

आता केरसुणी घ्या, पण जाळं आणि जळमट यांत फरक करा. धूळ बसून काळं पडलेलं, लोंबणारं, आत कोळी नसलेलं ते जळमट; ते खुशाल काढा. कोळी बसलेलं स्वच्छ जाळं स्वयंपाकघरात नको असेल तर काढा, पण बाथरूमच्या किंवा जिन्याखालच्या कोपऱ्यातलं राहू द्या.

कोळी बाहेर न्यायचाच असेल तर श्रीखंडाचा पारदर्शक डबा आणि एक जाड लग्नपत्रिका पुरते. डबा हळूच त्याच्यावर पालथा घाला, पाय काठाखाली चेंगरत नाहीत ना ते बघा, मग पत्रिका भिंतीलगत सरकवत डब्याचं तोंड बंद करा. गॅलरीतल्या कुंड्यांमागे सोडा. काडीसारख्या पायांचा कोळी फार नाजूक असतो, पाय सहज तुटतात. त्याला शक्यतो हलवू नका.

पालीचं म्हणाल तर ती विषारी नसते. अन्न झाकून ठेवा, एवढं पुरे. चिचुंद्रीला उंदीर समजून विष घालू नका, तिचं मुख्य खाणं किडे आहेत.

सापांच्या बाबतीत मात्र डबा-पत्रिका नाही. उंदीर असतील तिथे साप येतो, म्हणून विटांचा ढीग, भंगार, उघडा कचरा हटवा, मोरीला जाळी बसवा, दाराखालची फट बुजवा. साप घरात दिसलाच तर मुलांना बाहेर काढा, खोलीचं दार लावून फटीत टॉवेल खोचा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या सर्पमित्राला बोलवा. निरुपद्रवी कवड्या आणि जहाल मण्यार यांत अनेकांची गल्लत होते, त्यामुळे पट्टे बघून धीट होऊ नका. सापाला मारणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याविरुद्ध आहे. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांपैकी काहीही करू नका. बांगड्या-अंगठ्या काढा, हात किंवा पाय स्थिर ठेवा, १०८ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. मण्यारीचा दंश झोपेत होतो आणि फारसा दुखतही नाही, म्हणून "काही वाटत नाही" यावर विसंबू नका. जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचा.

इमारतीला आग्या मोहोळ लागलं असेल तर धूर करू नका, दगड मारू नका. रात्री त्या बाजूच्या गॅलरीचा दिवा बंद ठेवा, कारण या माशा उजेडाकडे येतात. ये-जा करायच्या वाटेवर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी असेल तर जाणकाराला बोलवा. एरवी वाट बघा. फुलोरा संपला की माशा आपणहून उठून जातात. मग रिकामं पोळं काढता येतं.