फाटे फुटणारी गोष्ट लिहायची? ट्वाइनपासून सुरुवात करा

वाचकाच्या निवडीप्रमाणे वळणारी गोष्ट लिहायला ट्वाइन हे मोफत, मुक्त स्रोत साधन उत्तम. २००९ पासून ते उपलब्ध आहे आणि कोडिंग येत नसलं तरी अडत नाही.

आधी कागदावर फाटे मोजा. दर वेळी दोन पर्याय दिले आणि एकही फाटा पुन्हा दुसऱ्याला जोडला नाही, तर पाच निवडींतच ३२ शेवट आणि एकूण ६३ पॅसेज (गोष्टीचे तुकडे) होतात. बहुतेक गोष्टी इथेच अर्धवट राहतात. म्हणून दोन-तीन पॅसेजनंतर फाटे पुन्हा एका प्रसंगात आणा आणि वाचकाने काय निवडलं ते व्हेरिएबलमध्ये, म्हणजे नाव दिलेल्या आठवणीच्या खणात, साठवा. पुढे तोच प्रसंग किल्ली घेतलेल्याला वेगळा दिसतो, न घेतलेल्याला वेगळा. खरी मजा यातच आहे.

नवी गोष्ट उघडून पहिल्या पॅसेजमध्ये मजकुराखाली असं लिहा:

[[दार उघडा->अंगण]]

डावीकडचे शब्द वाचकाला दिसतात, उजवीकडचं पॅसेजचं नाव. ‘अंगण’ आपोआप तयार होतो. नकाशावर अनपेक्षित रिकामा चौकोन उगवला, तर नाव चुकलंय असं समजा. देवनागरीत हे हमखास होतं: ‘दुसऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला सारखा, पण ट्वाइनला ती दोन नावं वाटतात. नाव कॉपी करूनच लिंकमध्ये टाका. व्हेरिएबलची नावं मात्र रोमन अक्षरांतच ठेवा.

स्टोरी फॉरमॅट, म्हणजे गोष्ट कोणत्या आज्ञांनी चालेल तो साचा, सुरुवातीलाच ठरवा. हार्लो आधीपासून निवडलेला असतो आणि नवख्याला तोच सोपा. सेव्ह, यादी, गुणसंख्या असं बरंच हवं असेल तर शुगरक्यूब. दोघांच्या आज्ञा वेगळ्या असल्याने मध्येच फॉरमॅट बदलला की ‘किल्ली घेतली असेल तर हे दाखवा’ अशा अटी मोडतात.

ब्राउझरमध्ये लिहिलेली गोष्ट त्या ब्राउझरच्या साठ्यातच राहते. साठा पुसला की गोष्टही गेली. त्यामुळे रोज लिहून झाल्यावर आर्काइव्ह (सगळ्या गोष्टींची प्रत असलेली फाइल) उतरवून ठेवा, किंवा संगणकावर बसवायची आवृत्ती वापरा. ‘पब्लिश टू फाइल’ केल्यावर एकच एचटीएमएल फाइल मिळते. चित्रं वेगळ्या फाइलींत असतील तर तीही सोबत द्या, नाहीतर त्यांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतील.

संवाद भरपूर असतील किंवा गोष्ट युनिटी या खेळ बनवायच्या साधनातल्या खेळात घालायची असेल, तर इंक ही फाटे फुटणाऱ्या गोष्टी लिहायची भाषा निवडा. तीही मोफत आहे आणि इंकी या संपादकात लिहिता लिहिता शेजारी चालवून बघता येते. तिथे * चा पर्याय एकदाच दिसतो, + चा पुन्हा पुन्हा. वाचक परत येऊ शकेल अशा ठिकाणी सगळेच * ठेवले, तर पर्याय संपतात आणि गोष्ट मध्येच अडकते. तिथे किमान एक + हवाच.